यती (हिममानव)

यती : हिमालयाच्या उंच प्रदेशात वावरतो असे मानला जाणारा, दोन पायांवर चालणारा, अंगभर दाट केसांचा व मानवसदृश असा दंतकथेतील वन्य प्राणी. मराठीत त्यास ‘हिममानव’ असेही म्हणतात. नेपाळातील शेर्पा, सिक्कीममधील लेपचा, तसेच भूतान व तिबेट येथील लोकांच्या परंपरेत त्याचे उल्लेख वेगवेगळ्या नावांनी येतात. भूतानात तो ‘मिगोई’ म्हणून ओळखला जातो. लेपचांच्या समजुतीप्रमाणे तो हिमनद्यांवरील शिकारीचा अधिपती आहे. गेल्या सु. दोनशे वर्षांत त्याच्याविषयी शेकडो वृत्तांत नोंदले गेले, अनेक मोहिमा निघाल्या. तथापि त्याचे अस्तित्व सिद्ध करील असे एकही हाड, दात, कातडे वा शव शास्त्रज्ञांच्या हाती आलेले नाही. असे का व्हावे, हा प्रश्न प्राणिविज्ञानाइतकाच पुराव्याच्या स्वरूपाशीही निगडित आहे.

संस्कृत-मराठीतील ‘यती’ (संन्यासी) या शब्दाशी या नावाचा काहीही संबंध नाही. उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. शेर्पा भाषेतील ‘येह-तेह’ या शब्दाचे मूळ सामान्यतः तिबेटी भाषेतील खडकाळ जागा व अस्वल या अर्थाच्या दोन शब्दांत दाखविले जाते. शेर्पा लोक यतीचे प्रकारही मानतात. याकसारखी गुरे मारणारा मोठा तो ‘झू-तेह’ व माणसासारखा दिसणारा लहान तो ‘मिह-तेह’. यांपैकी पहिला म्हणजे तपकिरी अस्वलच होय, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या नावाने जगाला एका अज्ञात वानराची ओढ लावली, त्या नावातच अस्वल दडलेले आहे. दुभाष्याच्या मदतीने ‘तुम्ही यती पाहिला आहे काय?’ असे विचारणाऱ्या परकीय प्रवाशास होकारार्थी उत्तर मिळे, तेव्हा उत्तर देणारा खोटे बोलत होता असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा यांच्या मनात एकच प्राणी होता की नाही, हे मात्र क्वचितच तपासले गेले.

नेपाळमधील ब्रिटिश अधिकारी व निसर्गाभ्यासक ब्रायन हॉजसन (१८००–९४) यांनी १८३२ मध्ये आपले शिकारी एका सरळ चालणाऱ्या, लांब काळ्या केसांच्या व शेपूट नसलेल्या प्राण्यास भिऊन पळाल्याची नोंद केली. हॉजसन यांनी स्वतः तो प्राणी पाहिला नव्हता. १८८९ मध्ये सिक्कीममध्ये एल्. ए. वॉडेल (१८५४–१९३८) यांना बर्फात मोठी पावले दिसली. ती अस्वलाची असावीत असे त्यांनी म्हटले आणि एक मार्मिक निरीक्षणही नोंदविले : चौकशी करू लागताच प्रत्येक हकिगत अखेरीस कोणीतरी दुसऱ्याकडून ऐकलेली ठरते.

यतीला जागतिक कीर्ती मिळाली ती मात्र एका भाषांतराच्या चुकीने. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या ब्रिटिश तुकडीचे प्रमुख चार्ल्स हॉवर्ड-बरी यांना ल्हाकपा ला या खिंडीजवळ मोठ्या पावलांचे ठसे आढळले. ते धावत्या करड्या लांडग्याचे असावेत असा त्यांचा तर्क होता. बरोबरच्या हमालांनी मात्र ते रानटी हिममानवाचे असल्याचे सांगितले. परत आलेल्या हमालांशी बोलून कलकत्त्याच्या स्टेट्‌स्‌मन या वृत्तपत्राचे हेन्री न्यूमन यांनी वृत्तांत लिहिला. हमालांच्या शब्दांपैकी एकाचा अर्थ त्यांनी ‘गलिच्छ’ असा घेतला आणि त्यातून ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’ (किळसवाणा हिममानव) हे इंग्रजी नाव जन्मास आले. तर्कशुद्ध स्पष्टीकरण मोहिमेच्या प्रमुखाने दिले होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाव. यानंतर हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या मनात हा प्राणी अगोदरच येऊन बसलेला असे.

पाऊलठसे : यतीविषयक पुराव्याचा सर्वांत मोठा भाग पाऊलठशांचा आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ठसा एरिक शिप्टन (१९०७–७७) व मायकेल वॉर्ड यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर छायाचित्रित केला. मापासाठी शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेला, सु. ३३ सेंमी. लांबीचा, रुंद टाचेचा व मोठ्या अंगठ्याचा हा ठसा पाहून अनेक शरीररचनाशास्त्रज्ञ विचारात पडले. पण जवळून घेतलेले छायाचित्र त्या एकाच ठशाचे आहे. त्याच्या जोडीस प्रसिद्ध झालेले पावलांच्या लांब माळेचे छायाचित्र त्याच दिवशी अगोदर, दुसऱ्याच मागाचे घेतलेले होते आणि तो माग बहुधा डोंगरी शेळीचा असावा, असे वॉर्ड यांनीच पुढे सांगितले. म्हणजे एवढ्या गाजलेल्या पुराव्यात सलग चालीची नोंद नाही. आणि चाल कळल्याशिवाय पाऊल कोणाचे हे ठरविणे कठीण असते.

बर्फ हे ठसे उमटण्यास उत्तम, परंतु ते टिकवून ठेवण्यास अत्यंत वाईट माध्यम आहे. उन्हाने ठशाच्या कडा वितळतात, ठसा रुंदावतो, शेजारचे दोन ठसे एकमेकांत मिसळतात. उंचावरील कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होऊनही आकार पालटतो. एडमंड हिलरी (१९१९–२००८) यांच्या १९६०-६१ च्या मोहिमेत याचा प्रत्यक्ष पडताळा मिळाला. एकच माग सावलीतून जाताना कोल्ह्यासारख्या लहान प्राण्याच्या पावलांचा दिसत होता. तोच माग उन्हाच्या उतारावर आला, तेव्हा जवळजवळ पडलेली चार पावले वितळून एकेक प्रचंड पाऊल झाले होते. अस्वलाच्या बाबतीत वितळण्याचीही आवश्यकता नसते. अस्वल माणसाप्रमाणे पूर्ण तळपाय टेकून चालते व पुष्कळदा त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अंशतः पडतो. त्यामुळे लांबट, टाच असलेला आणि दोन पायांच्या प्राण्याचा वाटावा असा माग उमटतो [→ अस्वल]. गढवालमधील भ्यूंडार खोऱ्यात फ्रँक स्माइद यांनी १९३७ मध्ये अशा मागाची व्यवस्थित मापे व छायाचित्रे घेतली. तज्ञांनी ती अस्वलाची ठरविली. ज्या मागाची नोंद काळजीपूर्वक झाली तो अस्वलाचा ठरला आणि ज्याची झाली नाही तो गूढ राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय सेनेच्या गिर्यारोहण तुकडीने मकालू पर्वताच्या तळाजवळ आढळलेल्या सु. ८१ × ३८ सेंमी. ठशांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. नेपाळच्या सेनेने ते त्या भागातील अस्वलाचे असल्याचे सांगितले.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कायम बर्फाच्या प्रदेशात मोठ्या सस्तन प्राण्यास खाण्याजोगे जवळजवळ काहीच नसते. यतीसारखा प्राणी असलाच तर तो खालच्या दाट अरण्यात राहावयास हवा आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातानाच बर्फावर यावयास हवा. गिर्यारोहकांनी ज्या जागी त्याला शोधले ती त्याची राहण्याची जागा नव्हे, तर फार तर त्याची वाट होय. ही जाणीव ठेवून जीववैज्ञानिकांनी १९७० नंतर नेपाळातील अरुण व बरुण नद्यांच्या दमट खोऱ्यांकडे लक्ष वळविले. तेथे १९८३ मध्ये डॅनिएल टेलर यांना मिळालेल्या ठशांचा मागोवा अखेर झाडांवर चढणाऱ्या हिमालयी काळ्या अस्वलाच्या पिलापर्यंत जाऊन पोहोचला.

गोंपांतील अवशेष : खुंबू भागातील खुमजुंग व पांगबोचे येथील बौद्ध मठांत ‘यतीचे टाळू’ म्हणून शंक्वाकृती, ताठ केसांची कातडी जपून ठेवलेली होती. धार्मिक नृत्यांत त्यांचा टोपीसारखा उपयोग केला जाई. १९५४ मध्ये लंडनच्या डेली मेल वृत्तपत्राच्या मोहिमेने पांगबोचे येथील टाळूचे केस मिळविले. ते डोक्याचे नसून एखाद्या खुरी प्राण्याच्या खांद्यावरील असावेत, असे शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक वुड जोन्स यांनी ठरविले. हिलरी यांच्या मोहिमेने खुमजुंगचे टाळू गावकऱ्यांकडून मुदतीने मागून घेतले आणि गावातील वडीलधारे खुंजो चुंबी यांच्यासह ते शिकागो, पॅरिस व लंडन येथे नेले. बेर्नार ह्यूव्हेलमान्स (१९१६–२००१) हे असे प्राणी असण्याची शक्यता मोकळेपणाने मानणारे प्राणिशास्त्रज्ञ होते. पण त्यांनीच ते सेरो या शेळीसदृश रानटी प्राण्याच्या कातड्याचे असल्याचे दाखविले. सेरोच्या कातड्याला ओले असताना साच्यावर ताणून तसेच टाळू बनविताही आले. यास गावकऱ्यांची लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. पूजेतील वस्तू कोणाचे तरी प्रतीक असते. तिने संग्रहालयातील नमुन्याचे काम करावे ही अपेक्षा बाहेरच्यांची होती.

पांगबोचे येथील ‘यतीच्या हाता’ची कथा अधिक खेदजनक आहे. अमेरिकन धनिक टॉम स्लिक यांच्या खर्चाने निघालेल्या मोहिमेतील पीटर बर्न यांनी १९५९ मध्ये त्या हाताचे एक बोट गुपचूप काढून त्या जागी मानवी बोट बसविले. मूळ बोट हॉलिवूडमधील नट जेम्स स्ट्यूअर्ट व त्यांच्या पत्नीच्या सामानातून भारताबाहेर गेले, असे बर्न यांनीच पुढे सांगितले. ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात अनेक वर्षे पडून होते. २०११ मध्ये एडिंबरो येथे झालेल्या डीएनए परीक्षणात ते माणसाचे असल्याचे निष्पन्न झाले. दरम्यान उरलेला हात १९९१ मध्ये मठातून चोरीस गेला. त्याची प्रतिकृती २०११ मध्ये मठास भेट देण्यात आली. परीक्षणासाठी वस्तू मोकळेपणाने मागून, माणूस बरोबर घेऊन, मुदतीत परत करण्याचा खुमजुंगचा मार्ग उपलब्ध असताना हे घडावे, यावरून अशा शोधांत पुराव्याइतकीच सभ्यताही दुर्मिळ होती असे म्हणावे लागते.

नेपाळ सरकारनेही यतीचा शोध नियमांखाली आणला होता. काठमांडू येथील अमेरिकन वकिलातीने नोव्हेंबर १९५९ मध्ये कळविलेल्या माहितीप्रमाणे शोधपथकास पाच हजार रुपये शुल्क द्यावे लागे. यतीची छायाचित्रे घेण्यास वा त्यास जिवंत पकडण्यास हरकत नव्हती, पण आत्मसंरक्षणाखेरीज त्यास मारण्यास मनाई होती. आणि मिळालेली छायाचित्रे प्रथम सरकारला दाखवावी लागत.

सांगाडे का सापडत नाहीत : ‘अरण्यात अस्वलाचे शवही सहसा दिसत नाही, मग यतीचे कसे दिसावे?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे. मृत प्राण्याचे मांस गिधाडे, लांडगे व कोल्हे अल्पावधीत संपवितात. दाढीवाले गिधाड उंचावरून हाडे खडकावर टाकून फोडते व खाते. साळिंदरे उरलेली हाडे कुरतडतात. पावसाळी अरण्यातील आम्लधर्मी मृदेत कॅल्शियमयुक्त हाड फार काळ टिकत नाही. उंचावर भूस्खलन व हिमनद्या शिल्लक राहिलेले वाहून नेतात. जीवाश्म होण्यासाठी शव त्वरित गाळाखाली गाडले जावे लागते आणि उठावाच्या पर्वतांत गाळ साचण्याऐवजी झीजच अधिक होते [→ जीवाश्म].

परंतु हा युक्तिवाद पुरवठाधारकांना वाटतो तितका दूर जात नाही. अस्वलाचे वा हिमचित्त्याचे शव प्रवाशास दिसत नसले, तरी त्यांची कातडी, नखे, दात व पित्ताशये बाजारांत आलेली आहेत, विष्ठा गोळा झालेली आहे, आणि जनावरे मारल्याबद्दल गुराख्यांनी त्यांना ठारही केले आहे. शिवाय कोणतीही जाती एका प्राण्यावर टिकत नाही. शतकानुशतके तग धरण्यासाठी नरमाद्या, पिले व वृद्ध मिळून निदान काहीशे प्राणी सतत असावयास हवेत. ते खाणार, विष्ठा टाकणार, आजारी पडणार व मरणार. जायगँटोपिथेकस या प्रचंड वानराचा दाखला येथे उद्‌बोधक आहे, कारण यती हा त्याचाच वंशज असल्याची कल्पना अनेकदा मांडली गेली. त्याचा शोध जी. एच्. आर्. फोन केनिग्सव्हाल्ट यांना १९३५ मध्ये हाँगकाँगच्या औषधांच्या दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका दाढेवरून लागला. हे वानर सु. २,९५,००० ते २,१५,००० वर्षांपूर्वीच्या काळात दक्षिण चीनमध्ये नामशेष झाले. त्याची बाकीची हाडे सापडलेली नाहीत. साळिंदरांनी ती खाल्ली असावीत. तरीही सु. दोन हजार दात व चार जबडे उपलब्ध आहेत. लाखो वर्षांपूर्वी संपलेल्या प्राण्याचे दात मिळतात आणि आज जिवंत असल्याचे सांगितले जाते त्याचा एकही मिळत नाही, ही विसंगती केवळ मृदेच्या आम्लतेने सुटत नाही.

खरोखरच दुर्मिळ प्राणी कसे उजेडात येतात हे पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. व्हिएटनाम-लाओस सीमेवरील साओला हा बैलाच्या कुळातील प्राणी १९९२ मध्ये शास्त्रज्ञांना कळला, तो शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेल्या शिंगांवरून. त्याला अरण्यात पाहणे आजही अतिशय कठीण आहे; पण शिंगे घरोघर होती. अरुणाचल प्रदेशातील माकडाची एक जाती २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वर्णिली; स्थानिक मोनपा लोक तिला ‘मुन झाला’ म्हणजे गर्द अरण्यातील माकड म्हणत आणि तेच नाव शास्त्रीय नावात कायम झाले. येथे लोकांचे सांगणे, प्राण्याचे दर्शन व छायाचित्रे एकाच दिशेने बोट दाखवितात. स्थानिकांच्या ज्ञानाची शास्त्रज्ञ उपेक्षा करतात, हा आरोप काही ठिकाणी खरा असेल. या उदाहरणात तो लागू पडत नाही.

नमुना हाती असला म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. महाराष्ट्रातील रानपिंगळा या घुबडाच्या बाबतीत हे दिसून आले. एकोणिसाव्या शतकात जमविलेल्या मोजक्या कातड्यांवरून हा पक्षी ज्ञात होता. नंतरचा एकच नमुना, १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याचे सांगितला जाणारा, रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहात होता. तो जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून व नवी चिठ्ठी लावून बनविलेला असल्याचे पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले. त्या खोट्या स्थळामुळे आधीच्या शोधकांची दिशा चुकली होती. ती बाजूला ठेवून जुन्या विश्वसनीय नोंदींप्रमाणे खानदेशात शोध घेताच नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत आढळला. शतकाहून अधिक काळ न दिसलेला पक्षी सापडला तो नोंदी काटेकोरपणे पारखल्यामुळे.

प्रत्यक्षदर्शींची साक्ष : विस्तीर्ण हिमक्षेत्रात झाड, घर वा माणूस यांसारखे मापाचे साधन नसल्याने दूरच्या वस्तूचा आकार व अंतर यांचा अंदाज चुकतो. विरळ हवेतील थकवा, धुके व संधिप्रकाश यांची त्यात भर पडते. अस्वल मागच्या पायांवर उभे राहून काही पावले टाकू शकते. १९८६ मध्ये अँथनी वुलड्रिज या प्रवाशाने गढवालमध्ये काढलेल्या छायाचित्रांतील ‘यती’ पुढील वर्षी त्याच जागी उभा आढळला. तो खडक होता. ती चूक वुलड्रिज यांनी स्वतः मान्य केली. त्याच वर्षी तिबेटमध्ये रात्री एका उंच, केसाळ प्राण्याशी गाठ पडल्याचे प्रसिद्ध गिर्यारोहक राइनहोल्ट मेसनर यांनी सांगितले. पुढील बारा वर्षे त्यांनी त्याचा पाठपुरावा केला व यती म्हणजे तपकिरी अस्वल असा निष्कर्ष १९९८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला.

आनुवंशिक परीक्षण : केस वा हाडाच्या लहानशा तुकड्यावरूनही प्राणी ओळखता येऊ लागल्यावर यतीविषयीचा वाद नव्या टप्प्यावर आला. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीविज्ञ ब्रायन साइक्स यांनी निरनिराळ्या देशांतून ‘हिममानवा’चे म्हणून आलेल्या केसांचे परीक्षण २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या ३० नमुन्यांतून जनुकीय क्रम मिळाला, ते अस्वल, गाय, घोडा, कुत्रा वा लांडगा, साळिंदर, सेरो इत्यादींचे व एक माणसाचा निघाला. लडाख व भूतान येथील दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असे त्यांना वाटले व त्यावरून नव्या संकराची चर्चा सुरू झाली. पण तपासलेला क्रम फार आखूड असल्याने तो हिमालयी तपकिरी अस्वलापासून वेगळा काढता येत नाही, असे इतरांनी लवकरच दाखवून दिले. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने मठांतील व खाजगी संग्रहांतील हाड, दात, कातडे, केस व विष्ठा अशा यतीच्या मानल्या गेलेल्या नऊ नमुन्यांतील कलकणूंच्या (मायटोकाँड्रियांच्या) डीएनएचे सविस्तर परीक्षण केले. आठ नमुने अस्वलांच्या तीन प्रकारांचे व एक कुत्र्याचा ठरला.

यतीचा भौतिक पुरावा हाती का येत नाही, याचे एक कारण या निकालांतच आहे. वस्तू जोवर अस्पष्ट असते तोवर ती यतीची असते. ओळखू येताच ती अस्वलाची, सेरोची वा माणसाची होते आणि यतीच्या खात्यातून वजा होते. त्या खात्यात न ओळखलेलेच तेवढे उरत जाते. यावरून यती नाही हे सिद्ध होत नाही, कारण एखादी वस्तू कोठेच नाही हे सिद्ध करणे तत्त्वतः अशक्यप्राय असते. संभाव्यता मात्र मोजता येते. भूतानात ४,००० मी.पेक्षा अधिक उंचीवर वाघ असल्याचे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे. हिमालयाच्या अनेक अभयारण्यांत असे कॅमेरे वर्षानुवर्षे लावलेले आहेत. शोधाची साधने जसजशी सूक्ष्म होत जातात, तसतसे न सापडण्याचे वजन वाढत जाते.

२०१७ च्या परीक्षणातून यती मिळाला नाही, पण हिमालयी तपकिरी अस्वलाविषयी नवी माहिती मिळाली. या अस्वलाची शाखा इतर तपकिरी अस्वलांपासून सु. ६,५०,००० वर्षांपूर्वी, बहुधा हिमयुगातील हिमनद्यांच्या विस्तारामुळे, वेगळी पडली. तिबेटच्या पठारावरील तपकिरी अस्वल तिच्याशी निकट संबंधित नाही. भारतात हे अस्वल जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील उंच कुरणांच्या प्रदेशात विरळ आढळते. त्याची संख्या अत्यंत कमी झाली असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली त्याच्या शिकारीस बंदी आहे.